धुळीवर ढकलू नकोस

पोरा, लासलगावात कुणी खोकला की आपण कांद्याच्या फोलपटांना नावं ठेवून मोकळे. लिलावात धूळ उडते, घसा खवखवतो, खरंच आहे. पण दिवाळीत लिलाव बंद असतात, तेव्हाही खोकला चालूच राहिला तर धुळीला कशाला दोष द्यायचा? दोन आठवड्यांवर गेला की सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला दे, फुकट होतं. बेडक्यात रक्ताची रेघ दिसली तर तेवढंही थांबू नकोस.

खांद्याचं मी मुद्दाम सांगतो. हमालाचा खांदा दुखला की गोणीवर बिल फाटतं. दुखणं दंडातून करंगळीपर्यंत उतरत असेल, रात्री झोपू देत नसेल, तर छातीचा एक्स-रे काढायला सांग. फुप्फुसाच्या टोकाची कॅन्सरची गाठ अशीच छळते. आवाज बसलेला राहणं, वजन उतरणं, त्याच जागी पुन्हा न्युमोनिया होणं, हेही ध्यानात ठेव. दोन्ही हातांच्या तर्जनींची नखं पाठीला पाठ लावून बघ. मुळाशी शंकरपाळ्यासारखी बारीक फट दिसायला हवी. ती बुजली असेल तर डॉक्टरला दाखव. त्याचा अर्थ कॅन्सरच असं नाही, पण बघून घ्यावं.

बिडी ओढत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. चुलीपुढं जन्म गेलेल्या, तंबाखूला न शिवलेल्या बायकांनाही फुप्फुसाचा कॅन्सर होतो.

आता मोठी खोच. एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडं आधी टीबी आठवतो. बेडक्यात जंतू सापडले तर गोळ्या पुऱ्या कर. जंतू नाहीत, नुसत्या डागावर गोळ्या चालू आहेत आणि दोनेक महिन्यांत उतार नाही, तर सीटी स्कॅनचं विचार. एक्स-रे चांगला आला तरी हृदयामागची गाठ त्यात लपू शकते. सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीनं माणसं तपासणी टाळतात. पण गाठीचा तुकडा काढल्याशिवाय कॅन्सरची जात कळत नाही, आणि जातीवरून औषध ठरतं. काही जातींना ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्यांनंतर रोजच्या गोळ्यांचेही उपचार आहेत.

परळच्या टाटा रुग्णालयात जायची वेळ आली तर नुसता रिपोर्ट नेऊ नकोस. लॅबकडून तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घे, म्हणजे पुन्हा तुकडा काढणं बहुधा टळतं. जुने एक्स-रेही घे. डाग वाढला की तसाच आहे, हे त्यांच्यावरूनच कळतं. आणि त्यांची गुंडाळी करू नकोस, सपाट ने.