गाणं आवडतं, झोप आवडत नाही: अशा लेकराला काय द्यावं

दिवसभर ताटली-वाटीवर ठेका धरणारं आणि रात्री अकरा वाजले तरी डोळ्याला डोळा न लावणारं दोन-अडीच वर्षांचं लेकरू घरात असलं, की वाढदिवसाला येणारे सगळे एकच वस्तू आणतात. बटण दाबलं की गाणं लावणारं, लाल-निळे दिवे मारणारं खेळणं. आत्याही तेच आणते, मामाही तेच. म्हणून माझं सांगणं सुरुवातीलाच सांगते. लेकराचा हात थांबला की ज्याचा आवाज थांबतो, तेच वाद्य त्याला द्या.

बॅटरीचं खेळणं स्वतः गातं. लेकरू फक्त बटण दाबतं आणि पुन्हा दाबतं. त्यात ना हात दमतो ना मन भरतं. टाळ किंवा खंजिरी हातात दिली तर मेहनत त्याची त्यालाच करावी लागते. थोडा वेळ जोरात वाजवतं, मग हळू, मग खाली ठेवतं. आपल्या हाताने आवाज निघतो आणि आपल्याच हाताने तो थांबतो, हे एकदा कळलं की ते थांबायलाही शिकतं. जे लेकरू झोपेला तयार होत नाही, त्याला हेच थांबणं शिकवायचं असतं. त्यात संध्याकाळी डोळ्यावर उजेड मारला की झोप लांबते, आणि लहान लेकरांची तर मोठ्या माणसांपेक्षा जास्त लांबते. दिवे उडवणारं खेळणं म्हणूनच नको.

आपल्या लातूर-नांदेडकडे हाताने वाजवायच्या वस्तूंना तोटा नाही. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत भांड्यांच्या आणि पूजेच्या सामानाच्या दुकानांत विचारा, पितळी टाळ मिळतात. भजनी मंडळातले टाळ लेकराला जड होतात, पायावर पडले तर नख जातं. लहान, हलकी जोडी घ्या. टाळाच्या मधल्या भोकात बोट घालून बघा. कड धारदार असेल तर दोरी कातरली जाते आणि टाळ सुटून पडतो. दुकानातली नायलॉनची दोरी काढून टाकावी, जाड सुती दोरी ओवावी, आत गाठ दोनदा मारावी. दोरी वीतभरापेक्षा लांब ठेवू नये. लांब दोरी गळ्यात अडकते.

घरातलं कोणी आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला निघालं असेल तर चिपळ्या आणि खंजिरी तिथून मागवा. लातूरहून मिरजेकडची रेल्वे पंढरपूरवरूनच जाते, त्यामुळे एरवीही कोणाकरवी सांगावा धाडता येतो. चिपळ्यांच्या झांजा खिळ्यावर बसवलेल्या असतात. प्रत्येक झांज चिमटीत धरून ओढा, फिरवा. जरा जरी हलली तरी ती जोडी ठेवून द्या आणि दुसरी बघा. खंजिरीच्या कडेवरून तळहात फिरवून कुसळ लागतंय का तेही पाहावं. पुढे औशाला नाथ संस्थानात चक्रीभजन असेल तेव्हा हेच लेकरू घेऊन जा. गोल फिरत, टाळ वाजवत गाणारी माणसं बघितली की घरातले टाळ कसे धरायचे हे त्याला सांगावं लागत नाही.

हलगीचं मात्र जपून. लेकरं तिच्यावर जीव टाकतात, मलाही ती आवडते, पण ती मोकळ्या पटांगणात लांबून ऐकायची. बंद खोलीत लहानग्या कानांना तो मार सोसत नाही. कोणतंही वाद्य घेण्याआधी ते आपल्या कानापासून हातभरावर धरून वाजवा. लेकराचा हात तोकडा, म्हणजे त्याच्या कानापासून ते आणखी जवळ येणार. आपल्यालाच डोळे मिटावेसे वाटले तर ते त्याच्यासाठी नाही.

लाकडी खुळखुळा घ्यायचा तर त्यातही फरक असतो. आपल्या नांदेडच्या शेजारी, तेलंगणात निर्मल आहे. तिथली खेळणी पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची, रंगाने देखणी. पण हल्ली त्यांवर बऱ्याचदा चकचकीत तयार रंग दिलेला असतो, तेव्हा ती फळीवर मांडून बघायची, तोंडात घालायची नाहीत. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी लाखेने रंगवतात, कडा गोल असतात, आणि खुळखुळे तर फारच छान. सगळं तोंडात घालणाऱ्या लेकराला मी तीच देईन. कारखान्यातल्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. निर्मल आणि चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्यांना त्यातून सूट आहे. त्यांच्यावर शिक्का दिसला नाही म्हणून दुकानदाराशी वाद घालू नका. प्लॅस्टिकच्या खेळण्यावर मात्र शिक्का शोधाच.

मन घट्ट करून सांगायची गोष्ट म्हणजे चपट्या सेलची. गाणाऱ्या पुस्तकांत, बाहुल्यांत, वाढदिवसाच्या वाजणाऱ्या कार्डांतसुद्धा शर्टाच्या बटणाएवढा चकचकीत सेल असतो. लेकराने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी काढायला जाऊ नये, घरात वाट बघू नये, सरळ मोठा दवाखाना गाठावा. ज्या खेळण्याच्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते फुकट मिळालं तरी घरात घेऊ नका.

माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतली किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतली पिपाणी सगळ्यांना हवीहवीशी वाटते. तिच्या तोंडातली बारीक पट्टी सुटून घशात जाते. पाच वर्षांपर्यंत पिपाणी नकोच. फुगेही त्या वयात मोठ्यांच्या हातातच राहू द्यावेत. पैंजण द्यायचे असतील तर घुंगरू डाग देऊन पक्के केलेत का, हे सोनाराकडे बसून, एकेक ओढून बघावं.

आता देण्याची वेळ. वस्तू जेवढी महत्त्वाची, तेवढीच ही. आपल्याकडे रात्री आठ-नऊला केक, मग जेवणं, मग भेटींचे कागद फाडणं. आधीच न झोपणारं लेकरू त्या रात्री एक वाजता झोपलं तर दोष लेकराचा नाही. औक्षण सकाळी करा. भेटीही सकाळीच उघडा. संध्याकाळी आलेल्या भेटी कपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर एकेक काढा, एकाच दिवशी सगळ्या नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय की एक ते दोन वर्षांच्या लेकराला दुपारची धरून 11 ते 14 तास झोप लागते आणि तीन-चार वर्षांच्याला 10 ते 13. आपल्या घरातलं लेकरू किती झोपतं, हे आईला विचारा, मग काय आणायचं ते आपोआप ठरतं.

रात्रीसाठी वेगळी भेट द्यावी. आजीच्या मऊ झालेल्या सुती लुगड्याची लहान वाकळ शिवून द्या. आपल्या उन्हाळ्यात ती जड होत नाही, आणि तिला घरच्या माणसाचा वास असतो. दुसरी भेट बाजारात मिळत नाही. पूर्वी बायका पहाटे जात्यावर बसायच्या, मांडीवर लेकरू असायचं, ओवी आणि जात्याची घरघर ऐकत ते झोपून जायचं. अशा लाखावर ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून गोळा करवल्या. त्यातली एखादी, नाहीतर आपल्या आजीची आठवत असेल ती, बापाने शिकून घ्यावी. ओवीत लेकराचं नाव घालायची रीत जुनीच आहे. रोज तीच ओवी, त्याच वेळी, दिवा बारीक करून, आणि दरवेळी आधीपेक्षा सावकाश. गळा गोड नसला तरी चालतो. लेकराला चाल ओळखीची लागते.

नांदेडला राहणाऱ्यांनी आणखी एक करून बघावं. वाढदिवसाच्या संध्याकाळी लेकराला खांद्यावर घेऊन हुजूर साहिबला जावं आणि कीर्तन ऐकत निवांत बसावं. बाजाची पेटी आणि तबला जवळून बघायला मिळतो, आणि तिथे कोणी त्याला नाच म्हणत नाही, फोटोसाठी हस म्हणत नाही.

आणि भेट घेऊन निघण्याआधी लेकराच्या आईला एक फोन करा. रात्री जागते ती. घरात आणखी एक आवाज यावा की नाही, हे तिला विचारूनच ठरवा.