देवाविना धर्मयोद्धा : ‘पॅलाडिन’ या भूमिकेतील निष्ठेचे स्वरूप

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. मेजाभोवती बसलेले खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि एक सूत्रधार कथाविश्व उभे करतो. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने त्यात ‘पॅलाडिन’ या योद्ध्याची भर घातली. त्याला ‘धर्मयोद्धा’ म्हणताना सावध राहावयास हवे. ‘धर्मयुद्ध’ या आपल्या शब्दात धर्मासाठी लढण्याबरोबरच नियमाने लढण्याचाही अर्थ आहे, आणि येथे तोच अधिक जवळचा ठरतो.

मूळचा पॅलाडिन हा फ्रेंच वीरकाव्यातील शार्लमेन राजाचा सरदार. खेळात तो पोहोचला त्यामागे पॉल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ (१९६१) या कादंबरीचा मोठा वाटा आहे. तिच्यातील नायकाची श्रद्धा उघडपणे ख्रिस्ती आहे. खेळाने मात्र ख्रिस्त वगळला व आचार तेवढा ठेवला. १९७८ च्या नियमपुस्तकानुसार पॅलाडिनने उत्पन्नाचा १० टक्के भाग सत्प्रवृत्त धर्मसंस्थेला द्यावयाचा. जाणूनबुजून अराजक कृत्य घडल्यास सातव्या किंवा त्यावरील पातळीच्या पुरोहितापुढे पापाची कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावयाचे. आणि स्वेच्छेने दुष्कृत्य केल्यास पद कायमचे गमवावयाचे. दशमांश, कबुलीजबाब, प्रायश्चित्त हे सर्व येथे आहे. परंतु ते कोणत्या देवाच्या नावे, याविषयी या तरतुदी मौन पाळतात. निष्ठा देवाशी नसून ‘सुव्यवस्था’ व ‘सत्’ या दोन अमूर्त पक्षांशी आहे.

‘जाणूनबुजून’ हा शब्द लहान दिसला तरी साऱ्या पेचाचे मूळ तोच आहे. हेतू खेळाडूच्या मनात. निवाडा सूत्रधाराच्या हाती. शरण आलेल्या शत्रूला पॅलाडिनने ठार केले तर तो न्याय की अधर्म? फासे येथे उपयोगी पडत नाहीत. वीरकाव्यात निवेदक नायकाचे पतन सांगतो, तेव्हा नायकाला त्याच्याशी वाद घालता येत नाही. येथे तो समोरच बसलेला असतो आणि घालतोही. (हे वाद किती कडवट होतात, हे खेळणाऱ्यांना सांगावयास नको.) निवेदकाच्या अधिकाराची इतकी उघड परीक्षा लिखित संहितेत क्वचितच होत असेल.

पुढील आवृत्त्यांनी या अधिकारालाच कात्री लावलेली दिसते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत देव परतला. पॅलाडिनची प्रवृत्ती त्याच्या देवतेशी जुळणे आवश्यक झाले, पण एकदा दीक्षा मिळाल्यावर ती काढून घेण्याची तरतूद उरली नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत शपथ केंद्रस्थानी आली. पॅलाडिनचे सामर्थ्य जितके देवाकडून तितकेच न्यायावरील निष्ठेतून येते, अशी तेथील भूमिका आहे. या शपथांत सूडाचीही एक शपथ आहे. १९७८ च्या पॅलाडिनला ज्या आचरणासाठी पुरोहिताकडे जावे लागले असते, त्यातील काही आता शपथपालन म्हणून गणले जाऊ शकते.