टीव्हीच्या चिपनं सावरलेलं भजन

म्हैसूरजवळ बेळगोळला आमच्या चार मराठी घरांचं भजनी मंडळ आहे. त्यातल्या एका आजींचा आवाज अगदी बारीक, टाळ मात्र खणखणीत. रेकॉर्डिंग ऐकताना आजींसाठी आवाज वाढवावा तर टाळ कानठळ्या बसवतो. म्हणून कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं सर्किट, करायला घेतला. चिप मिळाली गुजरीत, म्हणजे इथल्या भंगाराच्या दुकानात, एका परदेशी टीव्हीच्या बोर्डावर.  या कामातून शिकलो ते सांगतो.

१. चिपवरचं लेबल बाजूला ठेवा, पाय काय करतो ते बघा. मला मिळालेली मोटोरोलाची एमसी १३५० ही आठ पायांची चिप टीव्हीच्या आयएफ (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी) विभागासाठी केलेली. तिच्या पाचव्या पायावरचा व्होल्टेज ५ वरून ७ वर नेला की गेन ६० डेसिबल, म्हणजे हजारपट, उतरतो. अँटेनाचा सिग्नल कमीजास्त झाला तरी चित्र ठीक राहावं म्हणून ही सोय. टाळ वाजला की खाली, आजी गायल्या की वर, हे मला हवं होतं ते नेमकं हेच.

२. खरी मेहनत आउटपुटला आहे. पाय १ आणि ८ वरची आयएफ कॉइल ऑडिओला जवळजवळ शॉर्टच. मी आधी तिथे रेझिस्टर लावले आणि एकाच पायावरून आवाज घेतला. प्रत्येक टाळाला ‘धप्प’! चार संध्याकाळी त्यात गेल्या. मग एका बंद पडलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओचा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर काढला, मधला टॅप १२ व्होल्टला दिला आणि दोन टोकं पाय १ आणि ८ ला. गेन बदलताना दोन्ही बाजूंना सारखाच येणारा धक्का ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्पर रद्द होतो. धप्प गेला. इनपुटचे बारके कपॅसिटरही बदलून १० मायक्रोफॅरडचे घातले.

३. आपण ऑडिओ दिला तरी चिप आरएफचीच राहते. लांब वायरींवर ती गुपचूप ऑसिलेट होते. आवाज पोकळ येतो आणि बोट जवळ नेलं की बदलतो. म्हणून सप्लायच्या, म्हणजे दुसऱ्या, पायाला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला द्या.

४. इनपुट काही मिलिव्होल्टच ठेवा. गेन कमी होतो तो इनपुट ट्रान्झिस्टरच्या पुढे. तिथेच आवाज फाटला तर कॉम्प्रेसर तो सांधू शकत नाही.

५. रिलीजला, म्हणजे दबलेला गेन परत वर यायला, घाई नको. आधी ४७ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावले होते. दोन ओळींच्या मधे पंख्याची घरघर धापा टाकल्यासारखी वर यायची. ४७० किलोओहमला, म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदाला, भजन शांत झालं.

६. चिपचे सोल्डरचे डाग काढताना तिला फार वेळ तापवू नका. एका पायाचा डाग ओढला की थोडं थांबून पुढचा. आणि गुजरीत अख्खा जुना टीव्ही मिळाला, तर प्लग काढून कित्येक दिवस झालेले असले तरी पिक्चर ट्यूबमध्ये चार्ज उरलेला असू शकतो. ती डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालू नका. स्वतःला येत नसेल तर जाणत्या टीव्ही मेकॅनिककडून करून घ्या.