एका वेळी माल किती भरावा? कॉलेजच्या पुस्तकातील एक उदाहरण

कुर्ल्यात शर्टांचा कारखाना चालविणारे आमचे एक परिचित आहेत. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेत त्याला एक उदाहरण आले होते : वर्षभराची गरज इतकी, दर खेपेचा खर्च इतका, माल साठवून ठेवण्याचा खर्च इतका, तर एका वेळी किती माल मागवावा? मुलाने ते बरोबर सोडविले. त्याच दिवशी घरच्या गोदामात तीनशे तागे उतरत होते आणि मागच्या खेपेच्या तळातल्या ताग्यांना ओल लागलेली होती. पुस्तकातला प्रश्न आणि घरातला प्रश्न एकच आहे, हे बाप-लेकांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही.

आम्ही तेच उदाहरण कुर्ल्याच्या आकड्यांनी येथे सोडवीत आहोत. वाचकांनी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

कोणतेही उदाहरण सोडविताना पहिले काम सूत्र आठवण्याचे नाही. काय दिले आहे आणि काय विचारले आहे, हे एककासह लिहून काढावे. वर्षाला 900 तागे लागतात. एका खेपेचा खर्च 4,000 रुपये. एक तागा वर्षभर ठेवण्याचा खर्च 500 रुपये. विचारले आहे ते एवढेच, की एका खेपेत किती तागे आणावेत.

हे तीन आकडे मिळविण्यातच खरी मेहनत आहे आणि बहुतेक चुकाही येथेच होतात. खेपेच्या खर्चात भिवंडीहून येणाऱ्या टेम्पोचे भाडे धरावे, आपला किंवा आपल्या माणसाचा मोडलेला दिवस धरावा. हमाली मात्र ताग्यामागे द्यावी लागत असेल तर ती येथे धरू नये. ती 120 ताग्यांना जशी लागते तशीच 300 ताग्यांनाही लागते, म्हणजे ती कापडाच्या किमतीचाच भाग आहे. आमच्या परिचितांनी ती खेपेत धरली होती, त्यामुळे त्यांना दर खेप आहे त्याहून महाग वाटत होती आणि साहजिकच ते एकदम जास्त माल भरीत होते.

साठवणीच्या खर्चात जागेचे भाडे ताग्यामागे 50 रुपये. ओल, कसर, उंदीर, रंग उडणे यांचे 50. उरलेले 400 अडकलेल्या पैशाचे. येथे काही बांधव म्हणतील, आम्ही व्याज घेत नाही आणि देतही नाही, मग हा खर्च कसला? प्रश्न व्याजाचा नाही. ताग्यात 5,000 रुपये अडकले आहेत. तेच पैसे बटणे, अस्तर किंवा दुसऱ्या चालू मालात फिरले असते तर वर्षात किती नफा मिळाला असता, ते आपल्या वहीतून काढावे. आम्ही 400 धरले आहेत. ज्यांना कापड उधारीवर मिळते, त्यांचा हा आकडा कमी येईल.

आता मांडणी. एका खेपेत क्ष तागे आणले, तर वर्षातून 900 भागिले क्ष इतक्या खेपा होतील. त्यांचा खर्च 36,00,000 भागिले क्ष. गोदामात माल क्ष पासून शून्यापर्यंत उतरत जातो, म्हणून सरासरीने क्षच्या निम्मे तागे पडून असतात. त्यांचा खर्च 250 गुणिले क्ष. क्ष वाढविला की पहिला खर्च उतरतो, दुसरा चढतो. बेरीज कमीत कमी कोठे होईल?

कॉलेजात हे कलनशास्त्राने काढतात. आपल्याला त्याची गरज नाही. या दोन खर्चांचा गुणाकार करून पाहा. क्ष कापला जातो आणि उत्तर नेहमी 90 कोटीच येते, माल कितीही आणा. शिंपीकाम करणाऱ्याला पुढची गोष्ट सांगावी लागणार नाही. चौकोनी दस्तरखानाचे क्षेत्रफळ ठरलेले असेल आणि कडेने गोट लावायचा असेल, तर सर्वांत कमी गोट चौरसाला लागतो, लांबट कापडाला जास्त लागतो. तसेच येथे. गुणाकार ठरलेला असेल तर दोन्ही खर्च सारखे असताना बेरीज सर्वांत कमी होते. दोन्ही सारखे ठेवले की क्षचा वर्ग येतो 14,400 आणि क्ष 120.

वर्ग बरोबर संख्या, हे समीकरण नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी आपल्या ग्रंथात घेतले आहे. त्या ग्रंथाच्या नावातील ‘अल-जब्र’ वरूनच ‘अल्जिब्रा’ हा शब्द आला. वारसाहक्क, वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी यांसाठी तो लिहिल्याचे ते स्वतः सांगतात. अज्ञात संख्येच्या वर्गाला त्यांनी वापरलेला शब्द आहे ‘माल’. आपण गोदामात भरतो तोच शब्द!

उत्तर आले म्हणून थांबू नये, ते उलटे तपासावे. 120 ताग्यांना खेपांचे 30,000 आणि साठवणीचे 30,000, एकूण 60,000. दरमहा 75 आणले तर 66,750. आमचे परिचित 300 आणीत होते, तेथे 87,000. म्हणजे वर्षाला 27,000 रुपये जात होते आणि वहीत त्यांचे खाते कोठेच नव्हते. 100 आणले तर 61,000, 150 आणले तर 61,500. तेव्हा टेम्पोत 130 बसत असतील तर खुशाल 130 आणावेत, त्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते दुप्पट-तिप्पट भरण्याने.

घाऊक व्यापाऱ्याचे आमिषही याच मापाने मोजता येते. तो म्हणतो, एकदम 450 घ्या, एक टक्का सूट देतो. वर्षाच्या 45 लाखांच्या खरेदीवर 45,000 वाचतील. पण 450 ताग्यांना खर्च 1,20,500 येतो, म्हणजे 60,500 जास्त. सूट घेऊन सुमारे 15,000 चा तोटा. दोन टक्के दिली, तर मात्र 90,000 वाचतात आणि सौदा फायद्याचा ठरतो, गोदाम कोरडे असेल तर!

हे सूत्र 1913 साली अमेरिकेत फोर्ड हॅरिस यांनी एका कारखानदारीच्या मासिकात छापले. त्यांचे शालेय शिक्षणच झालेले होते, कॉलेजची पदवी नव्हती. कॉलेजचे नाव ऐकून मागे सरणाऱ्या कारागीर बांधवांसाठी आम्ही हे मुद्दाम नोंदवीत आहोत.

सूत्राची एक अट आहे : खप वर्षभर सारखा असावा. आपल्याकडे तो तसा नसतो. समजा, ईदच्या आधीच्या दोन महिन्यांत 300 तागे खपतात आणि उरलेल्या दहा महिन्यांत 600. मग दोन हिशेब वेगळे करावेत. हंगामात महिन्याला 150, म्हणजे वर्षाच्या दराने 1,800. त्यावरून खेप येते सुमारे 170 ताग्यांची. एरवी महिन्याला 60, तेथे खेप सुमारे 107. खप अडीचपट झाला तरी खेप दीडपटीच्या थोडी पुढे जाते. हंगाम आला की अडीचपट माल भरून टाकणारे येथेच फसतात. शिवाय ईद इंग्रजी तारखेने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. तेव्हा गेल्या वर्षीच्या मार्च-एप्रिलचे आकडे यंदाच्या मार्च-एप्रिलला लावू नयेत. खपाची वही शाबान-रमजान अशा हिजरी महिन्यांनी ठेवावी आणि त्यावरूनच क्ष काढावा.