पाणी हेच तापमापक

चंदीगडच्या सेक्टर 30 मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना ही प्रयोगशाळा आहे. 1959 साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था 1962 साली चंदीगडला आली. वैद्यकीय उपकरणे हाही तिच्या कार्याचा एक भाग होय. अशी उपकरणे घडविणाऱ्यांपुढे एक प्रश्न नेहमीच असतो : जे मोजावयाचे, त्याला धक्का न लावता ते मोजता येईल काय? मेंदूच्या गाभ्यातील तापमानाचेच पाहा. तोंडातील तापमापक तेथवर पोहोचत नाही. सुई खुपसली तर इजा होते, आणि तापमान कळते ते एकाच बिंदूचे.

एमआरआय हे तापमान शरीरातील पाण्याकडूनच जाणून घेते. चुंबकीय क्षेत्रात पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके भोवऱ्याप्रमाणे डुलत फिरतात. दीड टेस्लाच्या क्षेत्रात त्यांचे दर सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख फेरे होतात. पाणी तापले की त्याच्या रेणूंमधील हायड्रोजन बंध सैल होतात, केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे कवच किंचित अधिक प्रभावी ठरते आणि फेरे मंदावतात. दर अंश सेल्सिअसला ही घट दहा कोटीत एक भाग, म्हणजे सेकंदाला सुमारे 0.64 फेरा, एवढीच असते. पाण्याचा हा गुण हिंडमन यांनी 1966 साली मोजला. इशिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली त्यावरून तापमानाचे नकाशे काढण्याची रीत मांडली. तापविण्यापूर्वीची व नंतरची प्रतिमा ताडून पाहिली की फेऱ्यांतील मागे पडणे उमगते.

या मोजणीवर रुग्णाचे हित अवलंबून असते. हातांच्या कंपावरील एका उपचारात श्राव्यातीत ध्वनिलहरी कवटीतून मेंदूतील एका लहानशा बिंदूवर एकवटतात. अमेरिकेत त्यास 2016 साली मान्यता मिळाली. तेथे आधी सौम्य उष्णता देऊन नेम तपासतात. नेम बरोबर असेल तरच तापमान 55 अंशांच्या पुढे नेऊन पेशी नष्ट करतात. नेम काही मिलिमीटरने चुकला तर निरोगी भाग जळेल.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ती तापमानातील बदल सांगते, मूळ तापमान नव्हे. चरबीत असे हायड्रोजन बंध नसल्यामुळे ती या रीतीने जवळजवळ मुकीच राहते. यकृत श्वासाबरोबर हलते, त्यामुळे दोन प्रतिमा जुळत नाहीत. म्हणून रंगीत नकाशा पाहणाऱ्याने तो कोणत्या ऊतीचा व कोणत्या क्षणाचा, हे आधी विचारले पाहिजे.