म्हाडाच्या २० टक्के योजनेतलं घर: अर्जापासून किल्लीपर्यंत नेमका खर्च किती?

ठाणे, कल्याण, पुणे, नाशिक या शहरांत मोठे गृहप्रकल्प उभे राहतात तेव्हा त्यातली काही घरं कायद्यानेच कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बाजूला काढलेली असतात. ती म्हाडाच्या सोडतीतून, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात. मात्र जाहिरातीतल्या किमतीवर आणखी काही देणी असतात आणि त्यांचा बराचसा भाग कर्जात बसत नाही. सोडत लागल्यावर पैशांसाठी धावाधाव होऊ नये, म्हणून हा हिशेब अर्जाआधीच करायला हवा.

हे घर येतं कुठून?

नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्य सरकारने ही सर्वसमावेशक गृहनिर्माण योजना आणली. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांच्या हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प होत असेल, तर बिल्डरला २० टक्के वाटा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावा लागतो. ही घरं साधारण ३० ते ५० चौरस मीटरची असतात. आराखडा मंजूर करते महापालिका, लाभार्थी ठरवते म्हाडा आणि घर बांधून विकतो बिल्डर. किंमत बाजाराच्या मागणीवर ठरत नाही. रेडी रेकनरमधला बांधकाम खर्च आणि त्यावर २५ टक्के, हे तिचं सूत्र आहे. घर स्वस्त पडतं ते यामुळेच.

२०२५ मध्ये कोकण मंडळाने ५,२८५ घरांसाठी सोडत जाहीर केली, त्यात २० टक्के योजनेतली घरं ५६५ होती.

अर्ज कोणाला करता येतो?

पती-पत्नीचं मिळून वार्षिक उत्पन्न पाहिलं जातं. मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशांत अत्यल्प गटाची मर्यादा ६ लाख, तर अल्प गटाची ९ लाख रुपये आहे. उर्वरित महाराष्ट्रात हेच आकडे ४.५ लाख आणि ७.५ लाख आहेत. आधार, पॅन, अधिवास प्रमाणपत्र आणि प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. अधिवास प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून सुरुवात त्यापासूनच करा.

खर्चाचे टप्पे

*अर्ज शुल्क:* ५०० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. हे परत मिळत नाहीत.

*अनामत रक्कम:* गटानुसार आणि मंडळानुसार बदलते. मुंबई मंडळाच्या २०२३ च्या सोडतीत अत्यल्प गटाला २५ हजार आणि अल्प गटाला ५० हजार रुपये भरावे लागले. घर लागलं नाही तर अनामत खात्यात परत येते.

*मुद्रांक शुल्क:* ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत ७ टक्के. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. पतीचं नाव जोडलं की ही सवलत जाते.

*नोंदणी शुल्क:* १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये.

*जीएसटी:* इमारत बांधकामाधीन असेल तर परवडणाऱ्या घराला १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी लागत नाही.

*कर्जाबाहेरचा वाटा:* रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते. दहा लाखांहून महाग घरासाठी हे ९० टक्के काढताना मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरता येत नाही.

नमुना हिशेब

समजा ठाण्यात २० लाखांचं बांधकामाधीन घर लागलं:

- स्वतःचा १० टक्के वाटा: २,००,००० रुपये
- मुद्रांक शुल्क ७ टक्के: १,४०,००० रुपये
- नोंदणी: २०,००० रुपये
- जीएसटी: २०,००० रुपये

एकूण ३,८०,००० रुपये, म्हणजे किमतीच्या १९ टक्के. घर एकट्या महिलेच्या नावावर असेल तर ३,६०,०००. उरलेल्या १८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १५,६२० रुपये बसतो. महिना ५० हजार कमावणाऱ्या घरात पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा इथेच जातो. त्यात मुलांची फी आणि दवाखाना धरूनच ठरवा.

सही करण्याआधी विचारा

१. जाहिरातीतल्या किमतीवर बिल्डर आणखी काय मागणार आहे? पार्किंग, क्लबहाऊस, आगाऊ मेंटेनन्स, वीज-पाणी जोडणी यांची यादी लेखी घ्या. योजनेची घरं मुख्य प्रकल्पाच्या आवारात असतील तर महिन्याचा मेंटेनन्स किती येईल, हे आवर्जून विचारा. हप्ता कधीतरी संपतो, मेंटेनन्स संपत नाही.

२. मुद्रांक शुल्क कोणत्या किमतीवर आकारलं जाईल? एरवी करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांतला मोठा आकडा धरतात. म्हाडाने ठरवलेल्या तुमच्या किमतीला काय लागू होतं, ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारून घ्या.

३. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, ताब्याची तारीख आणि कार्पेट क्षेत्र करारात आहे का? करार नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

४. देकारपत्रातली पैसे भरण्याची मुदत किती आहे? कर्जाची पूर्वमंजुरी सोडतीआधीच घेऊन ठेवली तर या मुदतीची धास्ती राहत नाही.

म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही. ‘घर लावून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अर्ज फक्त म्हाडाच्या अधिकृत संकेतस्थळावरून भरा आणि पैसे भरल्याची प्रत्येक पावती जपून ठेवा.

कष्ट करणाऱ्या कुटुंबाला शहरातच राहता यावं, म्हणून ही घरं राखून ठेवली आहेत. सोडतीत नाव येऊनही हाताशी तीन-चार लाख नसल्यामुळे ते सोडावं लागणं फार वाईट. म्हणून आजपासूनच आवर्ती ठेव सुरू करा आणि घराच्या किमतीच्या निदान २० टक्के रक्कम जमली, की मग अर्ज भरा.