जुन्या नाण्यांचा लिलाव : इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठ



आपल्या जिल्ह्यातील मुलांना 'लिलाव' हा शब्द नवा नाही. खामगाव, मलकापूर किंवा चिखली येथील बाजार समितीच्या आवारात वडिलांबरोबर गेलेल्या मुलाने सोयाबीनच्या ढिगाभोवती बोली लावणारे व्यापारी पाहिलेले असतात. मोबाईलवरील लिलावात व खरेदी-विक्रीत होणाऱ्या फसवणुकीचा पाठ याच परिचित दृश्यापासून सुरू करावा.

पूर्वी अनेक बाजारांत दलाल व व्यापारी रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. या रीतीस 'हत्ता' म्हणत. माल ज्याचा, त्यालाच बोली कळत नसे. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि बाजारावर नियंत्रण येऊ लागले. (त्या काळच्या नियंत्रणामागे विलायती गिरण्यांना निर्भेळ कापूस मिळावा हाही हेतू होता, हे मोठ्या मुलांस सांगण्यास हरकत नाही.) आज बोली उघड होते, माल समोर असतो व घेणारा ओळखीचा असतो. हमाली-तोलाई कापली तरी ती हिशोबपट्टीतून कापली जाते; माल विकण्यापूर्वी शेतकऱ्याच्या खिशातून कोणी रक्कम मागत नाही. या शेवटच्या गोष्टीवर पाठाचा सारा भर असावा.

यानंतर जुन्या नाण्यांचे उदाहरण घ्यावे. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट, ७८६ अंक असलेली नोट किंवा एखादे जुने नाणे लाखो रुपयांस विकले जाईल, अशा जाहिराती खेडोपाडी पोहोचल्या आहेत. आजीच्या पेटीतील नाण्याचे छायाचित्र पाठविले की दूरध्वनी येतो. समोरचा गृहस्थ घासाघीस न करता भाव मान्य करतो. येथेच शंका यावयास हवी. मग नोंदणी-शुल्क, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचे म्हणून दाखविलेले प्रमाणपत्र, अशी मागणी वाढत जाते. पहिली रक्कम लहान असते आणि ती बुडू नये म्हणून माणूस दुसरी भरतो. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की, अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही व ती त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा दलाली मागत नाही. नाण्यांचा खरा जाणकार नाणे हाती घेऊन पारखल्याशिवाय मोल सांगत नाही, हेही मुलांस सांगावे.

दुसरा प्रकार जुनी दुचाकी किंवा पलंग विकावयास काढणाऱ्यांच्या बाबतीत घडतो. ग्राहक स्वतःस लष्करातील जवान म्हणवितो, कारण जवानाच्या शब्दावर आपली माणसे चटकन विश्वास ठेवतात. तो क्यूआर चिन्ह पाठवून सांगतो, "हे स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." वस्तुतः यूपीआय पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. ओळखीच्या संकेतस्थळासारखा दिसणारा खोटा दुवा पाठवून खात्याची माहिती काढण्याची रीत, म्हणजे 'फिशिंग', याच जातीची आहे. गळाला लावलेले आमिष आणि संकेतस्थळाच्या नावात बदललेले एखादे अक्षर फळ्यावर शेजारी-शेजारी दाखवावे.

वर्गात उघड लिलाव व हत्ता असे दोन खेळ घ्यावेत. तिसऱ्या खेळात ग्राहक मुलगा विक्रेत्याकडेच शुल्क मागेल. प्रत्येक वेळी मुलांनी फळ्यावर बाण काढावा : पैसा कोणाकडून कोणाकडे गेला? तिसरा बाण उलटा निघताच वर्गात जो हशा पिकतो, तो शिक्षकाच्या दहा वाक्यांहून अधिक उपयोगाचा असतो.

पालकसभेत एक विनंती आवर्जून करावी. घरातील मोबाईलवर मुलाच्या हातून असे घडले, तर त्यास मारू नये. भीतीमुळे मूल दोन दिवस गप्प राहते आणि तोवर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जाऊन काढली जाते. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळविल्यास ती वाटेत गोठविली जाण्याची शक्यता राहते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ व समोरच्याचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. आलेले संदेश पुसू नयेत. १९३० हा आकडा शाळेच्या दर्शनी भिंतीवर, मुलांच्या उंचीस येईल असा रंगवून घ्यावा.